पोलीस कोठडीचे माहितीपट: गप्प बसला म्हणजे केलंच असणार?

मंगळवार_पेठ

इंग्लंडमधल्या ल्यूटनच्या पोलीस ठाण्यात चित्रित केलेली '२४ अवर्स इन पोलीस कस्टडी' ही चॅनल फोरची मालिका २०१४ साली सुरू झाली. तिचे तुकडे आणि अमेरिकेतल्या चौकशीचे व्हिडिओ हल्ली आपल्याकडेही भरपूर बघितले जातात. आमच्या शाळेच्या शिक्षक खोलीत, भिशीत, घरी जेवताना त्यांच्यावर चर्चा झडतात. म्हणून हा धागा काढतेय.

मला बोलायचंय ते बघणाऱ्यांबद्दल. पडद्यावर एक माणूस येतो, खुर्चीत बसतो, शेजारी त्याचा वकील. पोलीस प्रश्न विचारतात आणि तो प्रत्येक प्रश्नाला 'नो कॉमेंट' म्हणतो. तिसऱ्यांदा म्हणाला की आपल्या बैठकीच्या खोलीत निकाल लागलेला असतो. "काही केलं नसतं तर बोलला असता की!" "कर नाही त्याला डर कशाला?" हात चोळले तर गुन्हेगार. रडला तर नाटक, नाही रडला तर निर्ढावलेला. शांतपणे उत्तरं दिली तर "बघ, किती तयारीनं आलाय". मग त्या माणसानं त्या खुर्चीत वागायचं तरी कसं?

चेहरा बघून खोटं ओळखता येतं यावर आपला फार भरवसा असतो. या विषयावरच्या ढीगभर प्रयोगांचे निकाल बॉन्ड आणि डीपॉलो या दोन संशोधकांनी २००६ साली एकत्र मांडले. लोकांचा अंदाज सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर निघाला होता. छापा-काटा केला तरी ५० टक्के येतात.

आणि कॅमेरा. अमेरिकेत ओहायो विद्यापीठातले डॅनियल लॅसिटर यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. एकाच कबुलीचं चित्रण वेगवेगळ्या कोनांतून करून लोकांना दाखवायचं. कॅमेरा फक्त संशयितावर असला की बघणाऱ्यांना कबुली स्वखुशीची वाटते. विचारणारा आणि उत्तर देणारा दोघंही सारखे दिसत असले की त्याच कबुलीमागचा दबाव लोकांच्या लक्षात यायला लागतो. माणसं तीच, शब्द तेच. न्यूझीलंडमध्ये म्हणूनच दोघंही सारखे दिसतील असा कॅमेरा लावायचं धोरण आहे. माहितीपटात तर त्याच्याही पुढे संकलन येतं. कितीतरी तासांतली चार-पाच मिनिटं आपल्यापर्यंत पोचतात, आणि त्यांच्याखाली धडधडणारं संगीत असतं. चौकशीच्या खोलीत ते संगीत वाजत नव्हतं.

मी शिकवते. वर्गात कुणाचे पैसे हरवले की सगळ्यात आधी कावरंबावरं होतं ते पोर बहुतेक वेळा चोर नसतं. त्याच्यावर याआधी कधीतरी आळ आलेला असतो. हे कुठल्याही जुन्या शिक्षकाला विचारा.

तुम्ही असे कार्यक्रम बघताना मनात काय येतं ते लिहा. आपल्याकडची परिस्थिती माहीत असणाऱ्यांनी तर नक्की लिहा.

कळंबा_रोड

ताई, विषय चांगला काढलाय, पण मी दुसऱ्या बाजूनं बोलणार. माझा सख्खा भाऊ पोलिसात आहे.

हे कार्यक्रम बघताना सगळ्यांचं लक्ष त्या खुर्चीतल्या माणसावर. ज्या म्हातारीच्या गळ्यातलं गंठण ओढून नेलं ती कुठं दिसते? तिला धक्का बसून पडून खुब्याचं हाड मोडलेलं असतंय. आणि हा तिकडं वकिलाशेजारी बसून 'नो कॉमेंट'. मला राग येतो आणि तो येणारच. पोलीस एवढे शांतपणे विचारतात, चहा देतात, पांघरूण देतात, तरी तोंड उघडायचं नाही. मग पोलिसांनी गुन्हा उघड करायचा कसा?

लोकांच्या मनात संशय येतो तो उगीच येत नाही. अनुभवातून येतो.

परत_आलोय

मी नोकरीनिमित्त बरीच वर्षं इंग्लंडात होतो, आता कोल्हापुरात, राजारामपुरीत. ही मालिका तिथंच बघायला लागलो. काही गोष्टी पडद्यावर झरकन जातात म्हणून सांगतो.

तिथं १९८४ चा एक कायदा आहे, सगळे त्याला 'पेस' म्हणतात. आरोप न ठेवता साधारणपणे २४ तासच ठेवता येतं. गंभीर गुन्ह्यात वरिष्ठ अधिकारी ते ३६ तासांपर्यंत नेऊ शकतो. त्यापुढं मॅजिस्ट्रेटकडे जावं लागतं आणि एकूण मर्यादा ९६ तास. कोठडीचा ताबा ज्याच्याकडे असतो तो सार्जंट तपासात नसतो. माणसाला ठेवायचं की सोडायचं, जेवण, औषध, झोप हे सगळं त्याच्या नोंदीत. तपास अधिकाऱ्यालासुद्धा त्याच्यापुढं कारणं द्यावी लागतात. मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट ही. वकील फुकट मिळतो, १८ च्या खालचा असेल तर सोबत जबाबदार मोठं माणूस लागतं आणि चौकशी ध्वनिमुद्रित होते.

आणि कळंबा_रोड, 'नो कॉमेंट' ही तिथंही फुकटची ढाल नाही. १९९४ च्या कायद्यानं असं ठरलं की चौकशीत लपवलेली गोष्ट पुढं कोर्टात बचावासाठी काढली तर त्या गप्प बसण्याचा अर्थ न्यायालय विरोधात लावू शकतं. चौकशी सुरू करताना पोलीस जी सूचना वाचून दाखवतात ती याचीच. तरीही वकील गप्प राहायला सांगतात, कारण पुष्कळदा पोलिसांकडे नेमका काय पुरावा आहे हे तोवर त्यांना पुरतं सांगितलेलं नसतं. न बघितलेल्या कागदावर उत्तर द्यायचं कसं?

हा शिस्तीचा कारभार त्यांच्याकडे आपोआप आलेला नाही, हेही सांगायला हवं. १९७२ साली लंडनमध्ये एका खुनात तीन मुलांनी कबुली दिली, शिक्षा झाल्या, १९७५ साली त्या रद्द झाल्या. त्या प्रकरणाच्या चौकशीतूनच पुढं 'पेस'ची वाट तयार झाली. बर्मिंगहॅमच्या बॉम्बस्फोटांत १९७५ साली जन्मठेप झालेले सहा जण १९९१ साली निर्दोष सुटले, तिथंही पोलिसांनी मारून घेतलेल्या कबुल्या होत्या. सोळा वर्षं आत. त्या काळी टीव्हीवर त्यांचे चेहरे बघून लोक काय म्हणाले असतील ते तुम्हीच ताडा.

खासबाग

+१. सार्जंट वेगळा असतो हे मला माहीतच नव्हतं. मी त्याला तपास करणाऱ्यांचाच साहेब समजत होतो.

फौजदारी_वकील

धागा वाचून राहवलं नाही. मी इथंच वकिली करतो, त्यामुळे पक्षकारांबद्दल काही लिहिणार नाही, कायद्याबद्दल लिहितो.

आपल्या पोरांना अमेरिकेतली सूचना तोंडपाठ असते. 'तुम्हाला गप्प राहण्याचा अधिकार आहे' वगैरे. ती १९६६ च्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातून आली. पण आपल्याकडे काय आहे हे विचारलं की शांतता. आपल्या राज्यघटनेच्या कलम २०(३) प्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही. १९७८ च्या नंदिनी सत्पथी निकालात सर्वोच्च न्यायालयानं हे संरक्षण पोलीस चौकशीच्या टप्प्यालाही लागू आहे असं स्पष्ट केलं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: पोलिसांपुढं दिलेली कबुली आपल्या कोर्टात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. इंग्रजांनी १८७२ च्या पुरावा कायद्यातच हे लिहून ठेवलं, कारण मारून कबुली घेतली जाते हे त्यांना ठाऊक होतं. आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३ तेच सांगतं. त्यातला मोठा अपवाद असा, की आरोपीनं सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली तर तेवढ्यापुरतं त्याचं बोलणं ग्राह्य. विहिरीतून काढलेला कोयता, उसाच्या फडात पुरलेले दागिने, हे पंचनामे आपण बातम्यांत वाचतो ते यासाठी. खरी कबुली मॅजिस्ट्रेटपुढं, तीही विचार करायला वेळ देऊन.

तेव्हा ल्यूटनमधला पोलीस त्या खोलीत जो संवाद मिळवायला धडपडतोय, तो आपल्या कोर्टात उभाच राहत नाही. तरीही 'पोपटासारखा बोलायला लागला' अशी बातमी आली की आपल्या दृष्टीनं खटला संपलेला असतो.

आता २४ तासांचं. आपल्याकडेही अटकेनंतर २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढं हजर करावं लागतं, प्रवासाचा वेळ वगळून. घटनेचं कलम २२ आहे ते. पण हे घड्याळ चालू होतं ते अटक दाखवल्यापासून. त्याआधी 'चौकशीला बसवून ठेवलंय' नावाचा एक प्रकार असतो. माणूस आदल्या संध्याकाळपासून बाकड्यावर असतो, मोबाईल काढून घेतलेला असतो, घरच्यांना "सोडतोय, सोडतोय" सांगितलं जातं, आणि कागदावर अटक दुसऱ्या दिवशी दुपारची. त्या वेळाची नोंद कुठल्याच रजिस्टरला नसते. इंग्लंडच्या मालिकेत माणूस दारातून आत आला की सार्जंट आधी वेळ लिहितो. आमच्याकडचा कुठलाही फौजदारी वकील ते दृश्य बघून सगळ्यात आधी तिथं थांबेल.

आणखी एक. आरोपीला रिमांडसाठी हजर केल्यावर मॅजिस्ट्रेट विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे?" माणूस मान हलवतो, नाही म्हणतो. मागं तेच पोलीस उभे असतात आणि संध्याकाळी त्यांच्याच बरोबर परत जायचं असतं. रोजनाम्यात लिहिलं जातं, तक्रार नाही.

मंगळवार_पेठ

वकीलसाहेब, तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून बराच वेळ थांबले. पोलिसांपुढं गप्प बसला तर गुन्हा केला असं आपण धरतो. कोर्टात गप्प बसला तर मार बसला नाही असं धरतो. दोन्ही ठिकाणी अर्थ आपणच लावतो आणि दोन्ही वेळा तो त्याच्या विरुद्ध जातो. हे एवढं स्पष्ट माझ्यापुढं कुणी मांडलं नव्हतं.

निवृत्त_हवालदार

पोरांनो, माझी उभी हयात खात्यात गेली. कुठल्या ठाण्यात ते लिहीत नाही.

पहिलं हे की त्या गोऱ्या पोलिसांजवळ एका गुन्ह्यासाठी जेवढी माणसं दिसतात तेवढी आम्ही कधी बघितली नाहीत. इथं एकाच अंमलदाराकडं ढीगभर गुन्हे तपासाला, त्यात गणपतीचा बंदोबस्त, जोतिबाची चैत्र यात्रा, मोर्चे, व्हीआयपी. २०१९ च्या पुरात तर आम्ही कपडे वाळायची वाट न बघता कामावर होतो. आणि वरून फोन: गुन्हा उघड झाला का? पत्रकार परिषद कधी घ्यायची? या घाईतनंच वाकडं पाऊल पडतं. हे मी समर्थन म्हणून सांगत नाही. कारण म्हणून सांगतोय.

दुसरं, मारून बोलता केलेला माणूस तुम्हाला पाहिजे ते बोलतो. खरं काय ते बोलत नाही. आमच्या एका साहेबांची चौकशी मी बघितलीय. जेवलास का विचारायचे. गाव कुठलं, आई काय करते, शेत किती. तासभर गुन्ह्याचं नावच नाही. मग त्यालाच सगळं सांगू द्यायचे आणि स्वतः लिहीत बसायचे. नंतर मोबाईलचे टॉवर, दुकानांचे कॅमेरे, पेट्रोल पंपाची पावती, एकेक लावून बघायचे. त्यांच्या केसेस कोर्टात टिकल्या. फटक्यावर चालणाऱ्यांच्या केसेस साक्षीदार फितूर झाला की गळून पडल्या आणि खरा आरोपी दसरा चौकात मोकळा फिरताना आम्हीच बघितला.

कॅमेऱ्याला घाबरणारा पोलीस मला पटत नाही. खोट्या आरोपातनं पोलिसाला वाचवणारी तीच एक गोष्ट हाय.

कळंबा_रोड

काका, तुमचा मान राखून सांगतो. सराईत लोक असतात, ज्यांना आई काय करते विचारून काही होत नाही. टोळीतली पोरं मिसरूड फुटायच्या आधी कोयता घेऊन फिरायला लागलीत. त्यांना कायदा आमच्यापेक्षा जास्त कळतो. सगळ्यांनाच एका मापानं मोजू नका एवढंच.

निवृत्त_हवालदार

सराईत असतात, खरं हाय. पण सराईत माणूस फटक्यानं तुटत नाही, नवखा तुटतो. एवढं ध्यानात ठेव.

वस्तीतला

मी पारधी समाजातला आहे. शिकलो, आता नोकरी करतो. इथं पहिल्यांदाच लिहितोय.

तुम्ही सगळे चर्चा करताय की पडद्यावरचा माणूस दोषी दिसतो का. आमच्याकडं तो प्रश्न पडद्यापर्यंत जात नाही. कुठं घरफोडी झाली की गाडी आधी आमच्या वस्तीवर येते. माझ्या लहानपणी वडलांना असंच नेलं, कित्येक रात्री ते घरी नव्हते आणि कागदावर ते कुठंच नव्हते. वकीलसाहेबांनी जे बाकडं लिहिलंय ते आमच्या घरातल्या प्रत्येक पुरुषाला माहीत आहे. नंतर सोडलं. का नेलं हे कुणी सांगितलं नाही, का सोडलं हेही नाही.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं आमच्यासारख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो देशभरात १९५२ साली रद्द झाला. पण त्याच्याही कितीतरी आधी, १९१८ साली, राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात गावकामगारापुढं द्यावी लागणारी हजेरी बंद केली. फासेपारध्यांना घरं दिली, पहाऱ्यावर नेमलं. ज्यांच्याकडं सगळे चोर म्हणून बघत होते त्यांच्या हातात राजानं राखण दिली. हे याच कोल्हापुरात झालं. म्हणून मला जास्त वाईट वाटतं की याच शहरात चेहरा आणि आडनाव बघून अजून निकाल लागतो.

मॅडमनी वर्गातल्या पोराबद्दल लिहिलंय. तो मुलगा मी होतो. पोलीस दिसला की माझे हात आजही थरथरतात. माझा चेहरा कॅमेऱ्यासमोर आला तर तुम्ही सगळे मला दोषी म्हणाल.

मंगळवार_पेठ

दादा, तुम्ही लिहिलंत यासाठी मनापासून आभार. 'अनुभवातून संशय येतो' असं वर कळंबा_रोड म्हणाले, त्या अनुभवाची दुसरी बाजू तुमच्या लिहिण्यात आहे.

बिंदू_चौक

बाहेरच्या माहितीपटांवर एवढं बोलतोय तर आपल्याकडच्या रीलवरही बोलू. आरोपी हात जोडून कॅमेऱ्यापुढं माफी मागतोय, लंगडत चाललाय, मागं गाण्याचा ठेका, खाली हजारो लोकांचे 'पोलिसांना सलाम'. तो माणूस अजून न्यायालयापुढं उभाही राहिलेला नाही. उद्या सुटला तर तो व्हिडिओ कोण पुसणार? त्याच्या पोरीच्या शाळेत तो पोचलेला असतो.

इंग्लंडच्या मालिकेबद्दलही मला हाच प्रश्न आहे. दारूच्या नशेत आणलेला, रडणारा, ओकणारा माणूस. त्याची संमती त्या रात्री घेतली की शुद्धीवर आल्यावर, आणि 'नको' म्हणायची ताकद त्याच्यात होती का? बघताना मला कुणाच्या तरी घरात न विचारता शिरल्यासारखं होतं.

परत_आलोय

बिंदू_चौक, काही चेहरे धूसर केलेले असतात. पण तुमचा मुद्दा त्यानं संपत नाही. गल्लीतले लोक आवाजावरूनही ओळखतात.

मंगळवार_पेठ

मला सगळ्यात जास्त हलवून गेलेला भाग अमेरिकेतला आहे. 'मेकिंग अ मर्डरर' ही २०१५ ची मालिका. त्यातला सोळा वर्षांचा मुलगा, शिकायला मंद, एकटा बसलेला. वकील नाही, आई नाही. दोन अधिकारी गोड बोलून, त्याला उत्तरं सुचवत सुचवत त्याच्याकडून खुनाची कबुली घेतात. आणि ती दिल्यावर तो विचारतो की शाळेत सहाव्या तासाला प्रोजेक्ट द्यायचाय, तोवर पोचेन ना? आपण काय बोलून बसलो याची त्याला कल्पनाच नव्हती. २०१६ साली एका न्यायाधीशांनी त्याची शिक्षा रद्द ठरवली, पण २०१७ साली वरच्या न्यायालयानं चार विरुद्ध तीन मतांनी ती कायम केली. अमेरिकेत पोलिसांना चौकशीत खोटं बोलायची मुभा आहे, म्हणजे नसलेला पुरावा आहे म्हणून सांगायचं. अल्पवयीन मुलांपुरती ही मुभा काढून घेणारं पहिलं राज्य इलिनॉय, आणि तेही २०२१ साली.

त्या मुलाला कुणी हात लावलेला नव्हता. म्हणून 'मारलं नाही ना, मग ठीक' हा आपला निकषही मला अपुरा वाटतो.

फौजदारी_वकील

कॅमेऱ्याबद्दल राहिलं होतं. डी. के. बसू खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं अटकेचे नियम घालून दिले: अटक पंचनामा, त्यावर साक्षीदाराची सही, नातेवाइकाला कळवणं, वैद्यकीय तपासणी. आपल्याकडे आरोपीला सीपीआर रुग्णालयात नेतात ते त्यासाठी. २ डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालात प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावायचा आदेश झाला. लॉकअप, व्हरांडा, चौकशीची खोली, सगळीकडे, आवाजासह. चित्रण अठरा महिने जपायचं, तेवढं साठवता येत नसेल तरी किमान वर्षभर. २०२५ च्या सप्टेंबरात त्याच न्यायालयाला पुन्हा स्वतःहून विषय हाती घ्यावा लागला, कारण कॅमेरे बंद असल्याच्या बातम्या थांबत नव्हत्या.

शेजारच्या सांगलीत नोव्हेंबर २०१७ मध्ये काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. कोठडीतला तरुण पळून गेला असं आधी सांगितलं गेलं. नंतर निघालं की तो कोठडीतच मेला होता आणि मृतदेह आंबोलीत नेऊन जाळला होता. पोलिसांनाच अटक झाली. तिथं काय घडलं हे सांगायला तो तरुण उरला नव्हता. मला ठाण्यातला कॅमेरा चालू हवा तो यासाठी. त्याचं चित्रण टीव्हीवर दिसावं अशी माझी अजिबात इच्छा नाही. ते मॅजिस्ट्रेटनी मागवलं की मिळावं, बस.

कळंबा_रोड

हे मात्र पटलं साहेब. चालू कॅमेरा माझ्या भावालाही हवाच असेल. फिर्यादीचं काय, हा माझा प्रश्न तरी उभाच आहे. जिचं गंठण गेलं तिला चौकशी कुठवर आली हे कुणी फोन करून सांगत नाही.

फौजदारी_वकील

तुमचा प्रश्न रास्त आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ प्रमाणे तपास कुठवर आलाय हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणं बंधनकारक आहे. त्या आजींना ठाण्यात जाऊन या कलमाचं नाव घ्यायला सांगा, लेखी मागा.

शाहूपुरी_आई

सगळं वाचलं, भीतीच वाटली. एकच विचारते. माझा मुलगा कॉलेजला आहे. त्याच्या मित्रांच्या भांडणावरून उद्या कुणी फोन करून "चौकशीला येऊन जा" म्हटलं तर पाठवायचं का? नाही गेला तर अंगलट येईल, गेला तर बसवून ठेवतील.

फौजदारी_वकील

ताई, फोनवर नम्रपणे लेखी नोटीस मागायची. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या बहुतेक गुन्ह्यांत लगेच अटक न करता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस देऊन बोलवायचं असा कायदा आहे. ती आली की टाळायचं नाही, न गेल्यास अटक होऊ शकते. जाताना वकील किंवा घरचं मोठं माणूस बरोबर. आत किती वाजता गेला, कुणापुढं बसवलं हे बाहेर थांबलेल्यानं लिहून ठेवायचं आणि घरी मेसेज करून ठेवायचा, म्हणजे वेळेची नोंद राहते. पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते, तसा कायदाच आहे, आणि कोऱ्या कागदावर तर कुठंच नाही. अटक झालीच तर चौकशीदरम्यान वकिलाला भेटायचा हक्क त्याच संहितेच्या कलम ३८ मध्ये आहे. पूर्ण वेळ वकील शेजारी बसू देत नाहीत, पण भेट नाकारता येत नाही. आणि तुम्हाला स्वतःला साक्षीदार म्हणून बोलावलं तर बाईमाणसाला ठाण्यात यायची सक्ती नाही, पोलिसांनी घरी येऊन विचारायचं. पंधराच्या आतली मुलं आणि साठीच्या पुढची माणसं, त्यांनाही हेच लागू.

शाहूपुरी_आई

वेळ लिहून ठेवायचं कधी सुचलं नसतं. हे आमच्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर टाकलं तर चालेल का?

फौजदारी_वकील

जरूर टाका. कलमांचे आकडे तसेच राहू द्या, ठाण्यात आकडा सांगितला की फरक पडतो.